तीन गाड्यांची जागा, पाच तऱ्हेचं रायडिंग: तुम्ही कुठल्या ठेवाल?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

मंडळी, स्वप्नातल्या गॅरेजचा विषय निघाला की लोक दुर्मिळ गाड्यांची यादी करतात आणि मनातल्या मनात त्यांना काचेमागे ठेवून मोकळे होतात. इथे तसं नको. जागा तीनच गाड्यांची. तिन्ही चालल्या पाहिजेत आणि निदान साधी देखभाल स्वतःला जमली पाहिजे. भागवायचं काय, तर रोजची ये-जा, लांबचा प्रवास (कधी मागे कोणीतरी, सामानासकट), डोंगरातले वळणांचे रस्ते, कच्चा रस्ता-वाळू-चिखल, आणि अधूनमधून रेसट्रॅक.

माझी पहिली यादी अशी:

होंडा गोल्डविंग. सपाट सहा सिलिंडर, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरतं), वाऱ्याचा त्रास नाही.
होंडा आफ्रिका ट्विन. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक, कुठेही घाला.
सुझुकी एसव्ही६५०. नव्वद अंशातलं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), हलकी, वळणात मजा आणि ट्रॅकवरही चालते.

आता फाडा.

पिस्टनपंत

फाडायला बसलोच आहे.

यादी करताना सगळे गाडीचे गुण लिहितात. गुण प्रत्येकच गाडीत असतात हो. बघायचं ते दोन गाड्यांमधलं अंतर. तुमच्या यादीत आफ्रिका ट्विन आणि गोल्डविंग या दोघींवर लांबचा प्रवास होतो, दोघींवर सामान बसतं, दोघींवर मागे माणूस बसतो. समजा निघायची वेळ झाली आणि दोन्ही चाव्या समोर आहेत. हात कुठल्या चावीकडे जाईल? दहातल्या नऊ वेळा एकीकडेच जाणार असेल, तर दुसरी जागा अडवून बसली आहे.

माझा अंदाज, तुमचा हात आफ्रिका ट्विनकडे जाईल. गोल्डविंगचं वजन साडेतीनशे किलोच्या पुढे. ती रस्त्यावर धावायला लागली की वजन विसरायला होतं हे खरं, इंजिन खाली आणि सपाट असल्यामुळे गुरुत्वमध्य चांगला खाली येतो. पण उतारावर नाक खाली करून उभी केली की आठवण होते. १९८८ च्या जीएल१५०० पासून होंडाला तिला रिव्हर्स द्यावा लागला, यात काय ते आलं.

टॉर्कवेडी

पंतांशी सहमत. आणि रोजच्या ये-जेचं काय? पहिल्या ओळीत तुम्हीच लिहिलंय आणि यादीत तिचा पत्ता नाही. एसव्हीवर जाल म्हणता की काय? रोज? पावसात? पिशवी कुठे अडकवणार?

तिसरा गिअर

एसव्हीवरच, हो. पाठीवर बॅग.

चिखलठोक

मी आफ्रिका ट्विनबद्दल बोलतो, कारण माझं निम्मं रायडिंग फुटपेगवर उभं राहूनच होतं.

गाडी उत्तम आहे, प्रश्नच नाही. २१ इंची चाक दगडावर चढतं तिथे १७ इंची आदळतं, कारण मोठ्या चाकाचा दगडाला भिडायचा कोन सौम्य असतो. चाकं, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल (चाक किती वर-खाली हलतं ते), सगळं बरोबर. पण वजन सव्वादोनशे किलोच्या घरात आणि त्यावर तुमचं सामान. ती वाळूत आडवी झाली की काय होतं ते सांगतो, कारण जाहिरातीत हा भाग नसतो.

आधी इंजिन बंद. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करायची, हँडल पूर्ण वळवून त्याचं खालचं टोक एका हातात, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल, कंबर सीटच्या कडेला टेकवायची आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उचलायची. पाठीने उचलायला गेलात तर पाठ गेली. कडक जमिनीवर हे नेटकं जमतं. वाळूत पाय रुततात, टाच सरकते, गाडी अर्धी उठून परत बसते. एकदा, दोनदा ठीक. दमलेला माणूस गाडी परत लवकर पाडतो, हे त्यातलं खरं दुखणं.

म्हणून माझा प्रश्न: तुमचा 'कच्चा रस्ता' म्हणजे नेमकं काय? खडीचा सपाट रस्ता असेल तर मोठी अ‍ॅडव्हेंचर गाडी झक्कास. पायवाट, ओढा, खडकाळ चढ असेल तर होंडा सीआरएफ३००एल घ्या, जी दीडशे किलोच्याही आत आहे. किंवा सुझुकीची जुनी डीआर-झेड४००. डकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीतही २०११ पासून ४५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलला परवानगी नाही, आणि ती माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा बरी चालवतात.

जुनीकिक

डकारचं निघालंच आहे तर: पहिली डकार १९७९ मध्ये जिंकली ती यामाहा एक्सटी५०० ने. एक सिलिंडर, किक मारून सुरू होणारी. नंतर मोठ्या ट्विन्सचा काळ आला, १९८१ ला बीएमडब्ल्यू जी/एस जिंकली, आणि मग अनेक वर्षांनी पुन्हा हलक्या एक सिलिंडरवर. गोल फिरून तिथेच.

लांबचा पल्ला

सगळे गोल्डविंगवर तुटून पडलेत म्हणून तिची बाजू घेतो.

जो माणूस दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर जातो त्याला गोल्डविंग कळणारच नाही. आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या रायडर्सच्या संघटनेचा सॅडलसोअर १००० माहीत असेल, चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. अशा पल्ल्यात गाडीचा वेग फारसा कामाचा नसतो. थकवा कशाने येतो? छातीवरच्या वाऱ्याने, हँडलमधल्या बारीक कंपनाने, गुडघ्याच्या कोनाने, इंजिनच्या उष्णतेने. आणि पाचशे ते हजार किलोमीटरला चेन साफ करून वंगण लावायच्या कटकटीने. शाफ्ट असली की ते संपलं. पावसात दिवसभर चालवून मुक्कामाला पोहोचल्यावर अंधारात चेनशी खेळत बसायचं नाही, याचं सुख ज्याने भोगलं त्यालाच कळतं.

मात्र धागाकर्त्याने प्रामाणिकपणे सांगावं, असे पल्ले तो मारतो का?

तिसरा गिअर

वर्षातून एखाद-दुसरा मोठा प्रवास. तोही रमतगमत. मागे बायको. तिला फोटोसाठी दर अर्ध्या तासाला थांबायचं असतं.

लांबचा पल्ला

मग गोल्डविंग नको. मी माझी बाजू मागे घेतो. :)

सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० बघा. इंजिन तुमच्या एसव्हीचंच, जरा वेगळं ट्यून केलेलं. दिसायला कोणी वळून बघणार नाही, पण दिवसभर बसवते.

टॉर्कवेडी

आता मागे बसणाऱ्याचा विषय आलाच आहे तर एक आकडा बघा, जो कोणीच बघत नाही. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत कमाल अनुज्ञेय एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं पेट्रोलसकट वजन वजा करा. उरतं ते तुम्ही, मागचा माणूस, हेल्मेट-जॅकेट, पेट्या, पेट्यांचं स्टँड आणि पेट्यांतलं सामान या सगळ्यांचं मिळून. बऱ्याच मोठ्या दिसणाऱ्या गाड्यांत दोन धडधाकट माणसं आणि तीन ॲल्युमिनियमच्या पेट्या झाल्या की हा आकडा ओलांडला जातो. मग मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) वाढवायचा नॉब असतो तो त्यासाठी, शोभेला नाही.

दुसरं, सीटची उंची. या याद्या करणारे बहुतेक उंच पुरुष असावेत. आफ्रिका ट्विनची सीट ८५० ते ८७० मिमी, यामाहा टेनेरे ७०० ची ८७५. माझे पाय तिथे टोकांवरच टेकतात. चालताना काही अडत नाही, अडतं ते आडव्या उतारावर थांबताना, जिथे ज्या बाजूला पाय टाकला त्याच बाजूला जमीन खाली गेलेली असते. एसव्ही ७८५ ला आहे. होंडा रेबेल ५०० तर ६९० ला. संग्रह करायचा तर निदान एक गाडी अशी असावी जिच्यावर दमलेल्या अवस्थेतही दोन्ही तळवे टेकतात.

पिस्टनपंत

+१. हे सोन्यासारखं लिहिलंय.

गंजलेली चेन

ट्रॅकवर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो.

ट्रॅकसाठी लोकांच्या डोक्यात एक हजार सीसीची सुपरस्पोर्ट असते. यामाहाची पहिली आर१ १९९८ ला दीडशे अश्वशक्तीची होती, आता दोनशेच्या आसपास हा आकडा या वर्गात नेहमीचा झालाय. असल्या गाड्या पहिल्याच गिअरमध्ये ताशी दीडशेच्या आसपास जातात. रस्त्यावर त्यांचं काय करणार? मनगटावर भार घेऊन सिग्नलला उभं राहणार आणि मांड्या भाजून घेणार.

शिकायचं असेल तर कावासाकी निन्जा ४०० सारखी गाडी. १६८ किलो, पंचेचाळीसेक अश्वशक्ती. सरळ रस्त्यावर सगळे पुढे निघून जातात, वळणात तुम्ही त्यांच्या मागे चिकटता. जास्त ताकदीच्या गाडीवर नवखा माणूस वळणातली चूक सरळ रस्त्यावर भरून काढतो, त्यामुळे चूक झाली हे त्याला कळतच नाही. कमी ताकदीत ब्रेक जरा लवकर सोडायला शिकावं लागतं, वेग वाचवावा लागतो. टायर कमी खाते, ब्रेक पॅड कमी खाते.

एसव्हीचं बोलायचं तर क्लब रेसिंगमध्ये ती वर्षानुवर्षं आहे. तिचा कच्चा दुवा पुढचा फोर्क (पुढचं सस्पेन्शन). साधा डॅम्पर रॉडचा आहे, जोरात ब्रेक मारला की नाक खुपसते. रेस करणारे तो बदलून सुझुकीच्याच जीएसएक्स-आर या स्पोर्ट गाडीचा पुढचा भाग बसवतात. तुम्ही आधी फोर्कची स्प्रिंग आणि तेल स्वतःच्या वजनाप्रमाणे बदलून बघा, बऱ्यापैकी फरक पडतो.

फक्त एक अट. ट्रॅकवर नेलेली गाडी कधीतरी घसरणार हे धरून चाला. ज्या गाडीवर सोमवारी कामाला जायचंय ती रविवारी ट्रॅकवर नेऊ नका.

चिखलठोक

वरच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. ते एन्ड्युरोलाही (कच्च्या वाटांवरची लांब शर्यत) लागू. आणि स्पर्धेच्या एन्ड्युरो गाड्यांचा मोह कोणाला झाला तर हेही वाचून ठेवा: केटीएम ईएक्ससी वगैरेंची सर्व्हिस किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, इंजिनच्या तासांत मोजतात. ऑइल बदलायचं ते पंधरा-वीस तासांनी. वजन एकशे दहाच्या आसपास, चालवायला स्वर्ग, पण ती घेऊन कामावर जायचं म्हणजे दर महिन्याला पाना हातात.

जुनीकिक

सगळं फार हिशेबी चाललंय. तीनातली एक जागा मनासाठी ठेवा की! जुनी ट्रायम्फ बॉनव्हिल, नाहीतर १९६९ ची होंडा सीबी७५०. कार्ब्युरेटर, किक, तेलाचा वास. तिला 'काम' देऊ नका.

शिवाय एक इतिहासाचा मुद्दा. हे पाच प्रकारचं रायडिंग आणि पाच प्रकारच्या गाड्या हे प्रकरण तसं अलीकडचं. सीबी७५० च्या काळात माणूस तीच गाडी कामावर न्यायचा, तीच प्रवासाला, तीच शनिवारी रेसला. १९७५ ची पहिली गोल्डविंगही उघडीच होती, चार सिलिंडर, पुढे काही नाही. लोकांनी बाहेरून फेअरिंग (वारा अडवणारं कवच) आणि पेट्या आणून लावल्या, तेव्हा कुठे १९८० ला होंडाने कारखान्यातून फेअरिंग लावलेली गाडी काढली. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू आर८० जी/एस आली. १९८५ ला सुझुकी जीएसएक्स-आर७५०. दहा वर्षांत एका गाडीच्या चार झाल्या.

पिस्टनपंत

जुनीकिक, इतिहास मान्य. मनाची गाडीही मान्य. पण 'काम देऊ नका' याला माझा विरोध आहे. न चालवलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा जास्त काम काढते.

कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल महिनोनमहिने राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. पायलट जेटचं (मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं) भोक केसाएवढं, ते आधी बुजतं. गाडी चोकवर सुरू होते, चोक काढला की मरते, आणि माणूस प्लग बदलत बसतो. उभी करण्याआधी बाउल रिकामा केला असता तर काहीच झालं नसतं. बॅटरी चार्जरवर नसेल तर सल्फेट धरते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी बदलायलाच हवं. टायर तर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी, रबर लाकडासारखं.

आणि हे सगळं गुणिले गाड्या. पाच गाड्या म्हणजे पाच बॅटऱ्या, दहा टायर, पाच ठिकाणचं तेल. संग्रह किती मोठा असावा याचं उत्तर माझ्या मते तुमच्या मोकळ्या रविवारांत आहे, जागेत नाही.

गंजलेली चेन

पंत, माझं टोपणनाव घेऊन बोला ना सरळ.

टॉर्कवेडी

:D

अजून एक, जे पंतांच्या यादीत राहिलं. गाडी बदलली की हात-पाय बदलत नाहीत. एकीचा ब्रेक दोन बोटांवर चावतो, दुसरीचा मूठ आवळल्याशिवाय लागत नाही. एकीला एबीएस आहे, दुसरीला नाही. एकीचा थ्रॉटल पाव फिरवला तर घोडा उधळतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. शांत डोक्याने चालवताना हे लक्षात राहतं, समोर अचानक कुत्रं आलं की नेहमीची सवय धावून येते. गाडी बदलल्यावर पहिली दहा मिनिटं मी कोणाशी शर्यत लावत नाही.

जुनीकिक

हे पटलं. उजव्या गिअरवाली मी फक्त रिकाम्या रस्त्यावर काढतो.

लांबचा पल्ला

रोजच्या गाडीवर अजून कोणी काही बोललं नाही. माझं मत होंडा सुपर कब. गंमत नाही करत. १९५८ पासून बनतेय आणि २०१७ पर्यंत दहा कोटी बनल्या, इतक्या जगात दुसऱ्या कुठल्याच मोटर वाहनाच्या नाहीत. क्लच लिव्हर नाही, चेनवर पूर्ण झाकण, मोठी चाकं असल्याने खड्ड्यात स्कूटरसारखी आपटत नाही. बाकीच्या दोन मोठ्या गाड्यांपासून तिचं अंतर बघा. पंतांची चाव्यांची परीक्षा ती रोज सकाळी पास होते.

गंजलेली चेन

इलेक्ट्रिक का नाही? रोजचं अंतर ठरलेलं असतं, रात्री लावून ठेवली की झालं. ऑइल नाही, क्लच नाही, व्हॉल्व्ह क्लिअरन्स नाही. पंतांचे रविवार वाचतील.

पिस्टनपंत

घरी प्लग असेल तर बिनविरोध. महामार्गाच्या सलग वेगाला बॅटरी भराभर उतरते, पण शहरातल्या कामाला तो प्रश्न येत नाही.

तिसरा गिअर

वाचून काढलं सगळं. नवी यादी:

१. सुपर कब. रोजची. (पार्किंगला प्लग नाही, म्हणून इलेक्ट्रिक नाही.)
२. व्ही-स्ट्रॉम ६५०. प्रवास, डोंगर, खडीचा रस्ता. बायकोने सीटवर बसून बघायचंय, तिचं मत अंतिम.
३. इथे अडलोय. सीआरएफ३००एल की एसव्ही? चिखल की ट्रॅक?

एसव्ही आणि व्ही-स्ट्रॉम यांचं इंजिन एकच, म्हणजे फिल्टर, प्लग, तेल सगळं सामायिक, हा मोह आहे.

गंजलेली चेन

इंजिन एक म्हणजे अंतरही कमी. डोंगरातली वळणं व्ही-स्ट्रॉमवर छान होतात. ट्रॅकला जायचं तेव्हा भाड्याने गाडी मिळते, टायर वॉर्मरसकट. घसरली तर तुमची कबही शाबूत आणि रविवारही. सीआरएफ घ्या.

चिखलठोक

ट्रॅकवाला माणूस सीआरएफ सुचवतोय, नोंद घ्या!

घेतलीत तर टायर आधी बदला. कंपनीतून येतात ते रस्त्याकडे झुकलेले, चिखलात चाक नुसतं गोल फिरतं. पुढे दमदार नॉबी (मोठ्या गाठींचा टायर) लावा, मागे जरा रस्त्याचा चालेल. पुढचं चाक घसरलं तर तुम्ही खाली जाता, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. ट्यूबची चाकं आहेत, तेव्हा २१ इंची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सीटमागे बांधून ठेवा. अडचणीत २१ ची ट्यूब १८ च्या चाकातही घालून घरी येता येतं, उलटं करायला जाऊ नका.

तिसरा गिअर

हवेचा दाब किती ठेवता कच्च्या रस्त्याला?

चिखलठोक

रस्त्यावर पुस्तिकेत आहे तोच. खडकाळ भागात थोडा कमी, वाळूत आणखी कमी. पण ट्यूब असताना फार उतरवलात तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्हची मान तुटते. रिम लॉक (टायर रिमला धरून ठेवणारा क्लॅम्प) बसवून घ्या, मग बोलू. आणि व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीकडे सरकवून ठेवा. ट्यूब सरकायला लागली की व्हॉल्व्ह तिरका दिसतो, आधीच कळतं.